मोनो की डाय? नावातला एक आकडा

(हा ऑडिओ एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलण्यातली भाषा फारशी बदललेली नाही, त्यामुळे वाक्यं कुठे कुठे सैल वाटतील.)

आज केमिस्ट्री. हां, थांबा, लगेच पुढच्या एपिसोडवर उडी मारू नका. दहावीनंतर ज्यांनी केमिस्ट्रीला रामराम ठोकला, हा एपिसोड खरं तर त्यांच्यासाठीच आहे. कारण विषय तुमच्या-आमच्या बाथरूमपासून सुरू होतो.

थंडी पडली की पेपरात एक बातमी येते. गाव बदलतं, वय बदलतं, बाकी मजकूर तोच. बाथरूममध्ये गॅस गीझर. दार आतून बंद, थंडी आत येते म्हणून खिडकीही बंद. आंघोळीला गेलेलं माणूस बराच वेळ बाहेर येत नाही. हाका मारून उत्तर नाही. शेवटी दार तोडावं लागतं. आणि खाली लिहिलेलं असतं, 'गॅसमुळे गुदमरून मृत्यू'.

कुठला गॅस? निम्म्या लोकांना वाटतं सिलिंडर लीक झाला असेल. कुणी म्हणतं, बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठला असेल. मारणारा बहुतेक वेळा तिसराच असतो. कार्बन मोनॉक्साइड. 'डाय' नाही, 'मोनो'.

आता गंमत बघा. डायऑक्साइड आपण दिवसभर श्वासातून बाहेर टाकतो. सोड्याच्या बाटलीतून तोच फसफसतो, भाकरी-भाजीपर्यंतचं सगळं अन्न झाडं त्याच्यापासूनच बनवतात. त्यातून ऑक्सिजनचा एक अणू काढून घेतला, एकच, की त्याच दोन मूलद्रव्यांचं विष तयार होतं. तो फरक नावातच लिहून ठेवलेला आहे. मोनो म्हणजे एक, डाय म्हणजे दोन. शाळेत आपण ही नावं पाढ्यासारखी पाठ केली, पण त्या नावात मोजणी आहे, आणि ती मोजणी जीवावरची आहे, हे फारसं कुणी सांगितलं नाही. आज तेवढंच करूया.

आधी अणू एकमेकांना धरून कसे राहतात ते बघू. पुस्तकातला शब्द आहे सहसंयुज बंध. शब्द जड आहे, पण गोष्ट गावाकडच्या माणसाला पटकन कळेल. सातबाऱ्यावर 'सामाईक विहीर' असते ना, तसं. दोन भावांच्या वाटण्या झाल्या, शेतं वेगळी झाली, पण बांधावरची विहीर एकच. थोरल्याला विचारा, तुमच्याकडे विहीर आहे का? हो, आहे. धाकट्याला विचारा. हो, आहे. खोटं कुणीच बोलत नाही. विहीर एक, पण हिशोबात दोघांच्याही धरली जाते. आणि त्या विहिरीपायी दोघांनाही एकमेकांना सोडून लांब जाता येत नाही.

अणूंमध्ये ही विहीर म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी. बहुतेक अणूंना आपल्या बाहेरच्या कवचात 8 इलेक्ट्रॉन हवे असतात. कार्बनकडे आहेत 4. ऑक्सिजनकडे 6. कुणाचंच पुरं नाही, आणि यातलं कुणी आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकायलाही तयार नाही. मग ते जोड्या सामाईक करतात आणि दोघंही त्या आपापल्या हिशोबात धरतात. (हायड्रोजनचं मात्र 2 वरच भागतं. लहान कुटुंब.)

ही कल्पना मांडली गिल्बर्ट न्यूटन लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने, 1916 साली. तुम्ही वहीत अणूच्या भोवती जे ठिपके काढलेत ना, ते ठिपके त्याचे. 1919 मध्ये अर्व्हिंग लँगम्युअरने त्याच कल्पनेला 'कोव्हॅलंट' हा शब्द दिला आणि ठिकठिकाणी भाषणं देऊन ती लोकप्रिय केली. पुढे 1932 मध्ये लँगम्युअरला नोबेल मिळालं, वेगळ्या कामासाठी. लुईसचं नाव त्या पुरस्कारासाठी कितीतरी वेळा सुचवलं गेलं, पण शेवटपर्यंत मिळालं नाही. माझं विचाराल तर हा नोबेलच्या इतिहासातला मोठा अन्याय आहे, पण ते असो.

आता लुईसचे ठिपके हातात घेऊ. फोन खाली ठेवून कागद घेतलात तर उत्तम. नाही तर डोळ्यांपुढे आणा.

कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सीओटू. मध्ये कार्बन, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन. कार्बनकडचे 4 इलेक्ट्रॉन. दोन उजवीकडच्या ऑक्सिजनबरोबर लावले, दोन डावीकडच्या. समोरच्यानेही तितकेच लावले. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन सामाईक जोड्या, दुहेरी बंध. कार्बनचे 8 झाले, दोन्ही ऑक्सिजनचेही 8 झाले. कार्बनने आपले चारही इलेक्ट्रॉन कामाला लावलेत, त्याच्या हातात मोकळं असं काही उरलेलं नाही.

आता सीओ. एक कार्बन, एकच ऑक्सिजन. 4 आणि 6 मिळून 10 इलेक्ट्रॉन, पाच जोड्या. दोघांचे आठ-आठ करायचे तर यातल्या तीन जोड्या सामाईक कराव्या लागतात. तिहेरी बंध. दोन जोड्यांमध्ये दोघांनी एकेक इलेक्ट्रॉन घातला, आणि तिसरी जोडी पूर्णच्या पूर्ण ऑक्सिजनने घातली. हिशोब लागला. पण बारकाईने बघा. कार्बनचे या व्यवहारात दोनच इलेक्ट्रॉन खर्च झाले. उरलेले दोन त्याच्या बाहेरच्या बाजूला, कुणाशीही न वाटलेले, तसेच बसून आहेत. एक मोकळी जोडी.

ती मोकळी जोडी माणूस मारते. जरा नीट सांगतो.

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजनची ने-आण करणारी गाडी. तिच्या एका रेणूत लोहाचे 4 अणू, म्हणजे चार सीटं. फुप्फुसात ऑक्सिजन चढतो, पेशींपाशी उतरतो. ऑक्सिजन लोहाला हलकेच धरतो, म्हणूनच तो उतरू शकतो. मोनॉक्साइड आला की त्याच्या कार्बनच्या टोकाची ती मोकळी जोडी थेट लोहाला जाऊन चिकटते. ऑक्सिजनच्या तुलनेत ही पकड दोनशे पटींहून जास्त आहे. तो सीट अडवून बसतो आणि उतरत नाही. वर आणखी एक उपद्रव, गाडीत तो बसलेला असला की शेजारच्या सीटवरचा ऑक्सिजनसुद्धा पेशींपाशी सहजी उतरत नाही.

डायऑक्साइडच्या कार्बनकडे अशी मोकळी जोडी नाही, आत्ताच आपण मोजलं. तो लोहाच्या वाटेला जात नाही. रक्तातून त्याचा बराचसा प्रवास बायकार्बोनेटच्या रूपात होतो आणि थोडा हिमोग्लोबिनच्या प्रथिनाच्या भागाला लटकून. सीट कुणाचीच अडत नाही.

दोनशे पट म्हणजे किती, ते आकड्यात सांगतो. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. मोनॉक्साइड नुसता 0.1 टक्का झाला, हजारात एक भाग, आणि माणूस त्या हवेत पुरेसा वेळ राहिला, तर त्याचं जवळपास निम्मं हिमोग्लोबिन अडकतं. हे ज्याने मोजलं तो जॉन स्कॉट हाल्डेन. स्कॉटिश डॉक्टर, आणि अत्यंत धाडसी प्राणी. 1890 च्या दशकात त्याने मोनॉक्साइड स्वतः हुंगून आपल्यावर काय होतं त्याच्या नोंदी ठेवल्या. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की बहुतेक माणसं भाजून किंवा चिरडून मरत नाहीत, नंतर पसरलेल्या मोनॉक्साइडने मरतात, हे त्याने दाखवून दिलं. खाणीत पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी न्यायची सूचना त्याचीच. एवढासा जीव, श्वास भरभर, त्यामुळे माणसाच्या आधी तो गळून पडायचा. ब्रिटनच्या खाणींमधून हे पक्षी निवृत्त झाले थेट 1986 मध्ये! जाता जाता, याचाच मुलगा जे. बी. एस. हाल्डेन 1957 मध्ये भारतात येऊन राहिला, भारताचा नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला.

परत बाथरूममध्ये येऊ. सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. हिशोब प्रोपेनचा करू, तो सोपा आहे. प्रोपेनचे 2 रेणू नीट जळायला ऑक्सिजनचे 10 रेणू लागतात. त्यातून डायऑक्साइडचे 6 रेणू तयार होतात आणि पाण्याचे 8. आता खिडकी बंद आहे, दार बंद आहे, गीझर आणि माणूस दोघं मिळून ऑक्सिजन ओढतायत. 10 च्या जागी 7 च मिळाले, तर? पाण्याचे 8 रेणू तसेच तयार होतील. पण कार्बनच्या वाट्याला दोन-दोन ऑक्सिजन येईनात, एकेकच येईल. मोनॉक्साइडचे 6 रेणू. प्रत्यक्षात ज्योत इतकी हिशोबाने वागत नाही, थोडं हे, थोडं ते, थोडी काजळी, असं मिश्रण बनतं. पण दिशा हीच. ऑक्सिजन कमी पडला की डायचा मोनो होतो.

आणि हा ओळखायला काहीच खूण नाही. रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला वास येतो कारण तो मुद्दाम घातलेला असतो, एथिल मरकॅप्टन नावाच्या पदार्थाचा. गीझरमध्ये गॅसबरोबर तोही जळून जातो. त्यामुळे 'वास तर आला नाही' हा पुरावाच नाही. वजनानेही तो जवळपास हवेएवढाच. सिलिंडरचा गॅस जड, जमिनीलगत बसतो. हा खाली बसत नाही, वर निघून जात नाही, अख्ख्या खोलीत पसरतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. माणसाला वाटतं, गरम पाण्याने चक्कर आली असेल. दाराची कडी काढायची शुद्ध राहत नाही, तोवर उशीर झालेला असतो.

एक गोष्ट कोरोनानंतर घरोघरी झालेल्या ऑक्सिमीटरबद्दल. बोटाला लावायचं ते साधं यंत्र इथे फसतं. मोनॉक्साइड अडकलेलं हिमोग्लोबिनही लालभडक दिसतं, आणि यंत्र त्याला ऑक्सिजनवालं समजतं. आकडा 98 दाखवेल आणि माणूस गुदमरत असेल. अशा वेळी आकडा बघत बसायचं नाही. गीझर बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणायचं आणि 108 ला फोन. आत जाणाऱ्याने स्वतः तिथे रेंगाळायचं नाही, तोही पडतो. साध्या हवेत रक्तातला निम्मा मोनॉक्साइड सुटायला चार-पाच तास लागतात, हॉस्पिटलमध्ये शुद्ध ऑक्सिजन दिला की ते दीड तासाच्या आसपास येतं. म्हणून 'आता बरं वाटतंय, झोपू दे त्याला' असं म्हणून घरी ठेवायचं नाही.

गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी असावा, पाणी पाइपने आत यावं. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर घरमालकाला हे ठणकावून सांगा. अजून एक. थंडीत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दारं लावून झोपणं, किंवा बाळंतिणीच्या शेकासाठी खाटेखाली शेगडी ठेवून खोली गच्च बंद करणं, हेही तेच. कोळसा धुमसतो तेव्हा धूर दिसत नाही म्हणून सगळ्यांना ते सुरक्षित वाटतं. धुमसणं म्हणजेच ऑक्सिजन पुरत नसणं. आजीबाईंना हे सांगताना तुमची कसोटी लागेल, ते मान्य.

मग डायऑक्साइड अगदी साधू आहे का? तसंही नाही. 21 ऑगस्ट 1986 च्या रात्री आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात न्योस नावाच्या सरोवराच्या तळाशी साठलेला डायऑक्साइड एकदम उसळून बाहेर आला. हवेपेक्षा जड असल्याने दरीत उतरला आणि झोपेतच सुमारे 1700 माणसं गेली. पण त्यासाठी ढगच्या ढग लागले. मोनॉक्साइडला हजारात एक भाग पुरतो.

बरं, आता नावं. हा भाग सोपा आहे, कारण याचं व्याकरण तुम्हाला अर्धं येतंच. दोन अधातू जोड्या सामाईक करून रेणू बनवतात तेव्हा नावात संख्या सांगायची. डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्झा, हेप्टा, ऑक्टा, डेका. आता शेजारी आपले ठेवा: द्वि, त्रि, चतुर्, पंच, षट्, सप्त, अष्ट, दश. ग्रीक आणि संस्कृत एकाच घराण्यातल्या बहिणी, म्हणून हा सारखेपणा. मोनो तेवढा वेगळा पडतो, आणि 9 ला लॅटिनमधून आणलेला नोना, तोही आपल्या 'नव'चा नातेवाईक. कार्बन डायऑक्साइडला मराठीत 'कर्बद्विप्राणिद' असंही म्हणायचे. हसू नका, त्यात 'द्वि' स्पष्ट ऐकू येतो. डायऑक्साइड म्हणताना 'डाय' आपल्या कानावरून निसटून जातो.

दोन्हींपैकी इलेक्ट्रॉनला कमी हावरा जो, त्याचं नाव आधी. जास्त हावरा मागून येतो आणि त्याला 'आइड' शेपूट लागतं. क्लोरीनचं क्लोराइड, सल्फरचं सल्फाइड, ऑक्सिजनचं ऑक्साइड. ऑक्सिजन जवळजवळ कायम मागेच येतो, कारण हावरटपणात त्याच्या वर फक्त फ्लोरीन. ते दोघं भेटले की मात्र ऑक्सिजन पुढे जातो: ऑक्सिजन डायफ्लोराइड.

पहिल्या मूलद्रव्याचा अणू एकच असेल तर 'मोनो' म्हणायचं नाही. म्हणून 'मोनोकार्बन डायऑक्साइड' नाही. दुसऱ्याला मात्र म्हणायचं, म्हणून कार्बन मोनॉक्साइड. आणि मोनो अधिक ऑक्साइड, मोनॉक्साइड. टेट्रा अधिक ऑक्साइड, टेट्रॉक्साइड. ही संधी आहे! शाळेत सूर्य अधिक उदय सूर्योदय केलंत, तसंच, दोन स्वर भेटले की त्यांचा एक होतो.

मिठाला मात्र हे लागू नाही. सोडियम क्लोराइड, बस. मोनो-बिनो काही नाही. कारण तिथे सामाईक विहीरच नाही. सोडियमने आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकला, दोघांवर उलटसुलट विद्युतभार आले, आणि मग अब्जावधी आयन भिंतीतल्या विटांसारखे रचले गेले. यात दोघांचा असा वेगळा रेणू नसतो. जोडप्यांची गणती लग्नात करता येते, जत्रेत नाही. सोडियम आणि क्लोरीनचं प्रमाण कायम एकास एक, दुसरा पर्यायच नाही. मग आकडा सांगायचा कशाला? आकडा लागतो जिथे एकाच दोघांचे अनेक संसार असतात तिथे.

आणि असे संसार थाटण्यात नायट्रोजनचा हात कुणी धरणार नाही. एनटूओ म्हणजे डायनायट्रोजन मोनॉक्साइड, दातांच्या डॉक्टरकडचा लाफिंग गॅस. एनओ, नायट्रोजन मोनॉक्साइड, तुमच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आत्ता या क्षणी तयार होतोय आणि त्या सैल ठेवतोय. हा शोध लावणाऱ्या तिघांना 1998 चं नोबेल मिळालं. एनओटू, नायट्रोजन डायऑक्साइड, तपकिरी, विषारी, गाड्यांच्या धुरातला. असे दोन एनओटू जोडीने राहिले की डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड. हा इस्रोच्या विकास इंजिनात इंधन पेटवायला वापरतात. 1975 मध्ये अपोलो-सोयुझ मोहिमेवरून परतताना अमेरिकन यानाच्या केबिनमध्ये याचीच वाफ शिरली होती आणि तिन्ही अंतराळवीरांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. दोनच मूलद्रव्यं. भूल देणारा, रक्तदाब सांभाळणारा, फुप्फुस जाळणारा आणि रॉकेट उडवणारा.

आकडा न सांगणारी नावं असतात तेव्हा काय होतं, त्याचा मासला हम्फ्री डेव्ही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला एका संस्थेत काम करणारा विशीतला पोरगा. 1799 मध्ये त्याने लाफिंग गॅस हुंगला आणि त्याला तो भयंकर आवडला. त्या काळात याला म्हणायचे नायट्रस ऑक्साइड. आणि एनओला म्हणायचे नायट्रस गॅस. ऐकून कोण कुठला सांगा बरं! एकात नायट्रोजनचे दोन अणू, दुसऱ्यात एक, पण नावात त्याचा पत्ता नाही. डेव्हीने मग दुसराही हुंगून पाहिला. हवेशी गाठ पडताच एनओचा एनओटू होतो, आणि ओलाव्यात त्याचं ॲसिड. त्याचं तोंड, घसा, जीभ भाजून निघाली. त्याला दोन्ही वायू वेगळे आहेत हे माहीत होतं, त्यामुळे दोष सगळा नावाला देता येणार नाही, डेव्हीच्या स्वभावालाही द्यावा लागेल. कारण त्याच सुमाराला त्याने 'हायड्रोकार्बोनेट' नावाचा आणखी एक वायू हुंगला, तापलेल्या कोळशावरून वाफ सोडून तयार केलेला. आणि मरता मरता वाचला. त्यात होतं काय? हायड्रोजन आणि आपला मोनॉक्साइड. कार्बनला ऑक्सिजनचा हा कमी हिस्सा जोडलेला एक वेगळा वायू आहे, हे विल्यम क्रुकशँकने दाखवलं 1800 मध्ये. डेव्हीने पुस्तक छापलं त्याच वर्षी.

जुनी सवयीची नावं अजूनही सुटलेली नाहीत, आणि सगळीच सोडायची गरजही नाही. पाण्याला कुणी डायहायड्रोजन मोनॉक्साइड म्हणत नाही. म्हटलं तर काय होतं, तेही करून झालंय. 1997 मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या एका 14 वर्षांच्या मुलाने वर्गातल्या 50 मुलांना या 'रसायना'ची माहिती दिली: नाकात गेलं तर जीव जातो, ॲसिड पावसात असतं, धातू गंजवतं. बंदी घालायची का, विचारल्यावर 43 जण हो म्हणाले! सगळी माहिती खरी होती. व्हॉट्सॲपवर एखादं लांबलचक नाव घेऊन कुणी घाबरवायला लागलं, की आधी नाव फोडून अणू मोजा. डाय हायड्रोजन, मोनो ऑक्साइड. दोन एच, एक ओ. अरे, हे तर पाणी!

काही नावं मात्र चुकीचंच मोजतात. फॉस्फरस पेंटॉक्साइड घ्या. प्रयोगशाळेत ओलावा शोषायला वापरतात ती पांढरी पूड, बाटलीवर आजही हेच नाव असतं. सूत्र पीटूओफाइव्ह धरून ते पडलं. नंतर कळलं की रेणूत प्रत्यक्षात फॉस्फरस 4 आणि ऑक्सिजन 10 आहेत, सगळंच दुप्पट. प्रमाण बरोबर होतं, मोजणी चुकली होती. नाव तोवर सगळ्यांच्या तोंडात बसलेलं. आता खरं नाव काय असायला हवं, ते तुम्ही सांगा. वरचे सगळे नियम वापरा, संधी मात्र सगळीकडे करतातच असं नाही, तेव्हा त्यावरून भांडू नका.

आणि एक कोडं. वीज कंपनीच्या उपकेंद्रात मोठ्या स्विचमध्ये एक वायू भरलेला असतो, सल्फर हेक्झाफ्लोराइड. हवामान तापवण्यात वजनाला वजन तो डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त भारी. नावावरून अणू मोजा: सल्फर एक, फ्लोरीन सहा. आता लुईसचे ठिपके काढा, प्रत्येक फ्लोरीनशी एक जोडी सामाईक. सल्फरभोवती मोजून बघा किती होतात. 8 येत नाहीत ना? बरोबरच येत नाहीत. ते का, यावर पुढचा एपिसोड. तोवर बाथरूमची खिडकी उघडी ठेवा. भेटू.